हवेचे पैसे

धाकटीने नवी गाडी घेतली त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला उपदेश करायला नको. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. लहानपणापासून माझ्या वस्तू वापरून मोठी झालेली. माझे फ्रॉक, माझं दप्तर, माझी सायकल, सगळं माझं वापरून झालं की तिच्याकडे जायचं. आता पहिल्यांदाच एखादी गोष्ट तिला माझ्या आधी मिळाली होती, आणि तीही नेमकी जिच्यासाठी मी तीन वर्षं झुरत होते ती. तेच मॉडेल. रंगसुद्धा तोच, मोतिया पांढरा.

ती गाडी तिने सरळ आमच्या दुकानासमोर आणून उभी केली आणि हॉर्न वाजवला. तिच्या दोन्ही मुली खिडकीतून अर्ध्या बाहेर. ''मावशी, बघ ना!'' मी बघितलं. न बघून जाते कुठे, अख्खा दरवाजा अडवला होता गाडीने.

''कशी आहे गं ताई?''

''छान आहे. काच जरा पुसून घे, डाग पडलाय,'' मी म्हटलं.

आमचं दुकान गाड्यांच्या सीट कव्हरचं. पुढे दुकान, मागे घर. माझ्या नवऱ्याला सगळा रस्ता मास्तर म्हणतो, म्हणून मीही मास्तरच म्हणते. मापं घेणं, कापणं आणि बसवणं मास्तरांकडे, मशीन माझ्याकडे. म्हणजे या गावातल्या निम्म्या नव्या गाड्यांच्या सीटवर माझा हात फिरलाय, आणि एकीतही मी बसून कुठे गेलेली नाही. लोक गाडी आणतात, मी तिचा वास घेते, शिवते, आणि लोक गाडी घेऊन जातात.

या धंद्यात एक गोष्ट आहे जी गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसते. आता नव्या गाड्यांत पुढच्या दोन सीटच्या बाहेरच्या कडेला आत एअरबॅग असते. तिथे शिवणीत एक चिमुकली पट्टी टोचलेली असते, त्यावर तसं लिहिलेलं असतं. गाडीला बाजूने धडक बसली की ती पिशवी सीटची कड फाडून बाहेर येते आणि माणसाच्या बरगड्या वाचवते. म्हणून कव्हरची तेवढी एक शिवण आम्ही मुद्दाम कच्ची ठेवतो. पातळ दोरा, लांब टाका. बाकीचं कव्हर कितीही दणकट करा, ती कड फाटलीच पाहिजे. मास्तरांनी त्या दोऱ्याचं रीळ वेगळ्या खिळ्याला लावून ठेवलंय, चुकून दुसऱ्या कामाला जाऊ नये म्हणून.

तर आमची तीन वर्षं. पहिल्या वर्षी आम्ही डाउन पेमेंट जमवलं. शोरूममध्ये गेलो तर टाय लावलेला सेल्समन म्हणाला, ''मॅडम, कालच किंमत वाढली.'' जसा काही कालपर्यंत तो माझीच वाट बघत बसला होता. आम्ही परत आलो, आणखी जमवलं. दुसऱ्या वर्षी गेलो तर आम्हाला हवं होतं ते साधं मॉडेल कंपनीने बंदच करून टाकलेलं. आता सगळ्यात खालच्या गाडीतही सहा एअरबॅग, आणि त्याचे पैसे वेगळे सांगायला नकोतच, ते किमतीत घुसलेले. मास्तर सेल्समनला म्हणाले, ''म्हणजे हवेचे पैसे? आमच्या इथे पंपावर हवा फुकट भरतात.'' सेल्समन कसनुसा हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसले. मला आठवतंय, मी टेबलावर हात आपटून हसले होते. तिसऱ्या वर्षी किंमत थांबली, तर व्याज वाढलं. मी मास्तरांना म्हटलं, ''आपण पळतोय तेवढीच ती पुढे पळतेय.'' मास्तर म्हणाले, ''पळू दे. पाच वर्षांच्या वर कर्ज मी काढणार नाही. गाडीचा खुळखुळा झाला तरी हप्ते नवेच्या नवे राहतात.''

धाकटीच्या नवऱ्याला असलं काही वाटत नाही. तो औषध कंपनीत आहे, गोड बोलतो, आणि त्याच्या घरातलं सगळं हप्त्यांवर आहे. टीव्ही, फ्रिज, सोफा, हातातला फोन. मास्तर त्याला माघारी हप्तेबहाद्दर म्हणतात. त्याने गाडीसाठी सात वर्षांचं कर्ज काढलं. डाउन पेमेंट जवळजवळ नाहीच. मी तीन वर्षं साडीच्या दुकानासमोरून मान फिरवून गेले, आणि हा माणूस एका दुपारी नुसती सही करून गाडी घेऊन आला. अंगाची लाही लाही होणार नाही तर काय.

तरीही, गाडीचं एक वेळ मी सोसलं असतं. पण प्रश्न आईचा होता.

आई आमच्याकडे राहते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. दर आठवड्याला तिला व्यायामासाठी न्यायचं, डोळे तपासायला न्यायचं, मावशीकडे न्यायचं, हे सगळं मी करते, आमच्या जुन्या गाडीतून. धाकटी त्या गाडीला डबा म्हणते. दार दोनदा ओढावं लागतं, खिडकीची काच हाताने फिरवावी लागते, पण आईची पुढची सीट मी स्वतः बांधलीय. आत जास्तीचा फोम, कमरेला उशी शिवलेली, आणि उंची अशी की आई नुसती टेकली की बसली. त्या सीटवर आई माझ्याशी जे बोलते ते घरात बोलत नाही. घरात ती सगळ्यांची असते. गाडीत माझी. मला दुसरं काही नको होतं हो. ती एक जागा माझी होती.

आणि गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात धाकटी म्हणाली, ''ताई, आता आईचं मी बघते. तुझी सुटका.''

आई म्हणाली, ''खरंच गं, तुलाही जरा आराम.''

मी कोणाकडे आराम मागितला होता? रोजचं औषध, तेल, शेक मी करायचं, आणि एसी लावून मिरवायला न्यायचं हिने. आई त्या गाडीतून आली की सांगायची, ''अगं, आत आवाजच येत नाही बाहेरचा. गार वारा थेट गुडघ्यावर येतो.'' मी भाजी चिरत असायचे. विळीवर भेंडीचे इतके बारीक तुकडे झाले की मास्तर म्हणाले, ही भाजी आहे की चटणी.

अशात धाकटी कव्हरं शिवून मागायला आली. ''शोरूमवाले केवढे मागतात, ऐकलंस का? मी म्हटलं, माझी ताई असताना मी बाहेर कशाला जाऊ?'' माझा हात धरला तिने. लहानपणी सायकल मागताना धरायची, अगदी तस्साच.

मास्तर त्या आठवड्यात बसवाल्यांच्या डेपोत होते, एका मोठ्या ऑर्डरचं काम चाललं होतं. सकाळी जायचे, संध्याकाळी पाठ धरून परत यायचे. म्हणजे माप, कापणं, शिवणं, बसवणं, सगळं माझ्या एकटीवर आलं. मी नाही म्हणू शकले असते. पण मला वेगळंच सुचलं. म्हटलं, तुझ्या त्या गाडीत कोणी पाय ठेवला की त्याची नजर पहिल्यांदा माझ्या कामावर पडली पाहिजे. इंजिन कंपनीचं, पैसे बँकेचे, पण जे डोळ्यात भरेल ते माझं.

घरातलं सगळ्यात भारी कापड काढलं. बदामी रंगाचं, त्यावर गर्द तांबड्या दोऱ्याची दुहेरी शिवण. दोरा तो जाड नायलॉनचा, बसच्या सीटला वापरतो तो. प्रत्येक कडेवरून दोन-दोन समांतर ओळी, ओळीत एक टाका इकडचा तिकडे नाही. मी शिवत होते आणि मनात तिच्याशी भांडत होते. सुटका म्हणे. घे सुटका. टर्रर्र. गार वारा म्हणे. घे वारा. टर्रर्र. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. रागाने हात असा चालतो हे मला माहीत नव्हतं.

कव्हरं बसवली तेव्हा धाकटी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिचा नवरा म्हणाला, ''ताई, आता गाडी गाडी वाटायला लागली.'' मी पुढच्या सीटची कड मुठीत धरून दोनदा हिसडली.

''ओढून बघ,'' मी धाकटीला म्हटलं. ''ही जर उसवली, तर नाव बदलीन माझं.''

त्या रविवारी मावशीकडे जायचं ठरलं. मावशी म्हणजे आईची बहीण, दोन तासांवर राहते. या रस्त्याने आईला नेहमी मी नेते. धाकटी सकाळीच आली, नवरा स्टिअरिंगवर, मुली मागे. मला म्हणाली, ''तू पण चल ना, सात सीट आहेत.'' शेवटच्या रांगेत, सामानाबरोबर. मी म्हटलं, दुकानात काम आहे.

आईला तिने हात धरून पुढच्या सीटवर चढवलं. मला राहवलं नाही.

''तिला पुढे बसवू नकोस,'' मी म्हटलं. ''उंच आहे ती सीट. पाय लोंबकळतात. गुडघे धरतील.''

''काही लोंबकळत नाहीत. आई, लोंबकळतात का गं?''

आई म्हणाली, ''बरं वाटतंय मला.''

''मागे बसव म्हणते ना मी! मधल्या रांगेत.''

धाकटीने दार लावलं आणि माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, ''ताई, गुडघ्यांचं नाव कशाला पुढे करतेस? तुला काय होतंय ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?''

मी काही बोलायच्या आत ती मागे जाऊन बसली. गाडी गेली. ती बोलली ते खरं होतं, आणि तिने ते बोलायला नको होतं.

मी आत येऊन मशीनवर बसले. मास्तर घरीच होते त्या दिवशी, कापड बेतत होते. कोपऱ्यातल्या खिळ्याला नवं रीळ अडकवलेलं दिसलं, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

''हे कधी आणलंत?''

''कच्चा दोरा? काल,'' मास्तर म्हणाले. ''डेपोचं काम सुरू झालं त्याच्या आधीच संपला होता. आणू आणू म्हणून राहून गेलं.'' मग कात्री थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ''धाकटीच्या गाडीला तू कुठून घेतलास?''

मी माझ्या हातांकडे बघत होते. प्रत्येक कड, दुहेरी शिवण, बसचा नायलॉन. प्रत्येक कड. मी त्या रिळाकडे गेलेच नव्हते. खिळा रिकामा होता की भरलेला हेही मला माहीत नव्हतं. आम्ही शंभर गाड्या केल्या असतील, एकदासुद्धा हे विसरले नाही, आणि सख्ख्या बहिणीच्या गाडीत विसरले. ती पट्टी मी बघितली होती. सुंदर दिसत नाही म्हणून आत दुमडून टाकली होती.

आई पुढच्या सीटवर. बाहेरच्या कडेला.

धाकटीला फोन लावला. तिने कट केला. परत लावला, परत कट. तिच्या नवऱ्याला लावला. तो गाडी चालवताना फोन घेत नाही, त्या माणसाचा हा एकच गुण, आणि तो आजच नडला. आईचा लावला, तर मागच्या खोलीत चार्जिंगला वाजायला लागला. शेवटी मेसेज टाकला, गाडी थांबवा, आईला पुढच्या सीटवरून उठवा.

धाकटीचं उत्तर लगेच आलं. 'ताई, पुरे झालं आता.'

तिची काही चूक नाही. मीही तेच लिहिलं असतं.

मास्तर म्हणाले, ''मी जातो.''

''शिवलंय मी, उसवणार मी,'' म्हणून मी ब्लेड आणि कात्री घेतली, डब्याचं दार दोनदा ओढलं आणि निघाले.

रस्त्यात मी काय काय बघितलं ते विचारू नका. प्रत्येक चौकात एक ट्रक आडवा येत होता आणि मला तो आईच्या बाजूनेच येताना दिसत होता. महिनाभर मी मनात त्या गाडीचं काय काय वाईट चिंतलं होतं. ओरखडा पडावा. टायर फुटावा. एसी बंद पडावा, भर उन्हात. याच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते, खरंच नव्हते. पण माझे हात जाऊन आले होते.

एक गोष्ट मला माहीत होती, जी धाकटीला माहीत नव्हती. आईला तासाभराच्या पुढे बसवत नाही, आणि ती वाटेल तिथे उतरत नाही. निम्म्या वाटेवर एक पेट्रोल पंप आहे, तिथलं बाथरूम स्वच्छ असतं, आत धरायला दांडी आहे. आई तिथेच थांबायला लावणार, आणि एकदा आत गेली की लवकर बाहेर येणार नाही.

गाडी तिथे होती. सावलीत उभी, मोतिया पांढरी, चारी दारं उघडी. धाकटी मुलींना बिस्किटं देत होती. आई बाथरूममधून धाकटीच्या नवऱ्याचा हात धरून सावकाश येत होती. आईला दोन पायांवर बघितलं आणि माझे डोळे भरून आले. पुसत बसायला वेळ नव्हता.

डबा बघून धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ''काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?''

''बाजूला हो,'' मी म्हटलं, आणि आईच्या सीटशी गुडघ्यावर बसून ब्लेड काढलं.

पहिला टाका तुटला तशी ती किंचाळली. ''ताई! वेडी झालीस का तू? अहो, इकडे या लवकर, ही बघा काय करतेय!'' तिने माझा खांदा ओढला. मी तिचा हात झटकला. नायलॉन सहजासहजी तुटत नव्हता. बसचा दोरा तो, आणि वर माझी दुहेरी शिवण.

''तुला बघवत नाहीये ना?'' ती रडत ओरडली. पंपावरची माणसं बघायला लागली. ''पहिल्या दिवसापासून बघवत नाहीये तुला! स्पष्ट बोल ना एकदा!''

''नाही बघवत!'' मीही ओरडले. ''जळते मी, रोज जळते, तुझा हॉर्न वाजला तरी जळते! पण हे त्याच्यासाठी नाही. इथे एअरबॅग आहे. मी ती शिवून टाकलीय. धडक बसली असती तर बाहेर आली नसती. कळलं?''

तिचा नवरा धावत आला होता. मी दुमडलेली पट्टी बाहेर ओढून त्याला दाखवली. त्याने ती वाचली. मग त्याने स्वतःच्या सीटकडे बघितलं, मग मागे मुलींकडे, आणि गाडीला टेकून उभा राहिला.

मी परत कापायला लागले. धाकटी माझ्याशेजारी खाली बसली. मला वाटलं परत हात ओढणार. पण तिने कापड ताणून धरलं, ब्लेड नीट चालावं म्हणून. लहानपणी शाळेच्या पिशव्या उसवायला आम्ही अशाच बसायचो, एक ताणणार, एक कापणार.

''एवढं छान झालं होतं गं,'' ती नाक ओढत म्हणाली.

''परत शिवून देईन. याहून छान.''

''तसं नाही. या गाडीत आमचं म्हणावं असं तेवढंच होतं.'' तिने मान वर केली नाही. ''बाकी सगळी बँकेची आहे. मी रोज सकाळी येऊन नुसतं ते कापड बघून जायचे. यातलं एवढं तरी फेडायचं नाहीये, म्हणायचे.''

आईच्या बाजूची कड वरपासून खालपर्यंत उघडी पडली. मग दुसऱ्या बाजूला गेलो आणि तिच्या नवऱ्याच्या सीटची कापली. तिथे तर तिने माझ्या हातातून कात्री घेतली आणि स्वतःच फर्रकन फाडत नेली. माझं आजवरचं सगळ्यात सुंदर काम दोन्हीकडे लोंबत होतं. तांबडे दोरे आमच्या दोघींच्या कपड्यांना चिकटले होते.

आई एवढा वेळ पंपाच्या खुर्चीवर बसून हे बघत होती. तिला किती समजलं, कोण जाणे. ती उठली आणि चालत चालत सरळ डब्यापाशी गेली.

''मी थोरलीबरोबर येते,'' ती म्हणाली. ''मला आपली ती खालची सीट बरी. त्या गाडीत चढावं लागतं.''

बघा, हेच हवं होतं मला. महिनाभर दुसरं काही हवं नव्हतं. आई सगळ्यांसमोर, धाकटीच्या देखत, माझ्या गाडीचं दार उघडायला बघत होती. मी धाकटीकडे बघितलं. तिचे ओठ दुमडलेले, डोळे आईच्या हातावर. तो चेहरा मी ओळखला. माझाच होता तो, दुकानाच्या दारातला. आणि मला आनंद झाला. आता कशाला लपवू, चांगला झाला. मी जाऊन दार दोनदा ओढलं, उघडलं, आईची उशी नीट केली.

आणि उशी नीट करता करता माझा हात सीटच्या कडेवरून गेला. मी बांधलेली सीट. फोम, कापड, पत्रा. त्याच्या पलीकडे दार, म्हणजे आणखी एक पत्रा. मग रस्ता. मी समोर बघितलं, स्टिअरिंगच्या मध्ये नुसतं हॉर्नचं बटण. हवेचे पैसे म्हणून टेबलावर हात आपटून हसले होते मी.

''आई,'' मी म्हटलं. ''तिकडेच बस.''

''का गं?''

''तिकडेच बस म्हणते ना. त्या गाडीत ती हवेची पिशवी आहे. बाजूला पण आहे, पुढे पण आहे. माझ्यात काहीच नाही.''

मी तिचा हात धरून तिला परत मोतिया गाडीकडे नेलं, खाली बसून तिचे पाय एकेक करून आत ठेवले, पट्टा लावला. फाटलेली कड तिच्या बरगडीशी लोंबत होती. मी ती बोटांनी सारखी केली. दार लावायला गेले, तर आईने दार धरून ठेवलं. तिच्या डोळ्यांत आत्ता कुठे काहीतरी उतरलं होतं.

''तुझ्यात काहीच नाही?''

''नाही.''

''मग इतकी वर्षं तू मला...'' ती थांबली. मग म्हणाली, ''आणि तू? तू कशात जाणार?''

धाकटी म्हणाली, ताई, इथेच सोड ती, आमच्यात चल. मी म्हटलं, गाडी अशी टाकून कशी येऊ, उद्या तुझ्या कव्हरचं कापड आणायला तीच लागणार आहे. तेव्हा तिचा नवरा बोलला. ''ताई, मावशींकडे चला मग. तुम्ही आमच्या मागे राहा. मी पुढे हळू चालवतो.''

तो खरोखरच हळू चालवत होता. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आम्हाला ओलांडताना शिव्या देत होते, पण त्याने वेग वाढवला नाही. नवी कोरी गाडी, सात वर्षांचे हप्ते, आणि चालवत होता बैलगाडीसारखी.

धाकटी शेवटच्या रांगेत, सामानाबरोबर जाऊन बसली होती. मागच्या काचेला तोंड लावून ती पूर्ण रस्ताभर माझ्याकडे बघत होती. एकदा तिने हात केला. मी केला नाही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, घट्ट.